पेटीवरचं कुलूप

मित्रांनो, मी कुलूप आहे. जुनं, पितळी, बसक्या अंगाचं. जामखेडजवळच्या खर्डा गावात गोजरबाईंच्या घरी खिडकीच्या कट्ट्यावर मी पडून असतो. घरातल्या कुणाची नजर माझ्यावर पडली की मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. मला ओतलं, घासलं, पोटात खटके बसवले आणि शेवटी एका कामगाराने मला बंद करून जोराने ओढून पाहिलं. मी उघडलो नाही. त्याने मान डोलावली. ते माझं पहिलं कौतुक. पुढे जामखेडच्या एका दुकानातून गोजरबाईंच्या मालकांनी, राधाकृष्णांनी, मला घेतलं आणि मळ्यातल्या मोटारीच्या खोलीला लावलं. शिवारात तेव्हा केबलचोरांची फार धास्ती होती. ऊन, पाऊस, धुळीचे लोट, सगळं अंगावर घेत मी तिथं लटकत राहिलो. शेजारच्या विहिरींवरच्या केबली गेल्या, आमची गेली नाही. राधाकृष्ण येता-जाता मला चाचपायचे, पोटात तेलाचा थेंब सोडायचे आणि म्हणायचे, "लई इमानी हाईस गड्या तू." माझा ऊर भरून यायचा.

राधाकृष्ण वारले. पुढे खोलीला नवं लोखंडी दार बसलं, त्याला त्याचं कुलूप आलं. मी घरी आलो आणि बरेच दिवस एका खुंटीवर रिकामा बसलो. मित्रांनो, रिकामपणाचाही कंटाळा येतो हो. मला काम हवं होतं. काम मिळालं, पण कसलं ते ऐका.

घरात माणसं चार. गोजरबाई, त्यांचा मुलगा रविराज, सून पंकजा आणि लहानगी नात संस्कृती. रविराज टेम्पो चालवायचा. भाडं लागलं तर लागलं, नाहीतर टेम्पो दारात. किराणा मात्र दर बाजाराला महागत होता. गोजरबाईंनी तरुणपणी शेजारणीच्या दारात उभं राहून पीठ उसनं आणलं होतं. ते दिवस त्यांच्या मनातून कधी गेलेच नाहीत. शिवाय नातीला पुढे नगरला शिकायला ठेवायचं त्यांच्या मनात होतं. म्हणून त्यांनी किराण्यावर हात आखडला. वाईट बाई नव्हत्या हो त्या. स्वतः बिनसाखरेचा कोरा चहा प्यायच्या आणि शिळी भाकरी आधी स्वतःच्या ताटात घ्यायच्या.

एकदा तेल बाजाराच्या आधीच संपलं. संस्कृतीने हट्ट केला म्हणून पंकजाने पुऱ्या तळल्या होत्या. गोजरबाईंनी तेलाचा रिकामा डबा उलटा करून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेल, साखर, चहापत्ती, डाळी, बेसन, शेंगदाणे, पीठ, सगळं एका पत्र्याच्या पेटीत भरलं. मग खुंटीवरून मला काढलं, पदराने पुसलं आणि पेटीच्या कडीत अडकवलं. चावी कमरेला गेली.

"रोज सकाळी लागंल तेवढं मी काढून देत जाईन," त्या म्हणाल्या.

पंकजा खाली बघून "व्हय" म्हणाली.

सुरुवातीला मला वाटलं, बरं झालं, पुन्हा राखण आली. मी चोराची वाट बघू लागलो. चोर काही येईना. रोज सकाळी गोजरबाई यायच्या, पेटी उघडायच्या, वाटीने तेल मोजायच्या, मुठीने साखर काढायच्या. पंकजा परात घेऊन बाजूला उभी राहायची, एखाद्या परक्याच्या दारात उभी राहावी तशी. मग मला कळलं, मी ज्याच्यावर पहारा करतोय तो चोर म्हणजे हीच. चुलीपुढे राबून सगळ्यांना वाढणारी बाई. मित्रांनो, त्या दिवसापासून माझी मान खाली गेली. बचत मात्र होत होती. गोजरबाई गल्लीत सांगायच्या, "कुलपानं लई फरक पडला बाई." बायका माना डोलवायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझं कौतुक ऐकवेना.

त्यानंतर तो दिवस आला. गोजरबाई पलीकडच्या गावात दहाव्याला गेल्या होत्या, रविराज भाडं घेऊन गेला होता. दुपारी दारात आवाज आला, "पंकू, हायेस का घरात?"

पंकजाचे वडील आप्पासाहेब आले होते. श्रीरामपूरहून पहाटे निघून, नगरला एसटी बदलून, न कळवता. त्यांनी पिशवीतून गूळ, शेंगा, तुपाची बरणी काढली. पंकजा हरखली, त्यांना पाणी देऊन स्वयंपाकघरात आली आणि तशीच उभी राहिली. सकाळी काढून दिलेलं पीठ संपलं होतं. तेलाची वाटी कोरडी होती. साखर पेटीत होती आणि चावी दहाव्याला गेली होती.

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदा हात लावून मला ओढूनही पाहिलं. माझे खटके तुटले असते तर किती बरं झालं असतं! पण मी पक्का ना. मी उघडलो नाही.

ती मागच्या दाराने शेजारच्या शहजादीकडे गेली. शहजादीने काही विचारलं नाही. पीठ, बेसन, तेल आणि चहा-साखर पदराआड झाकून दिली. पंकजाने भराभर चहा ठेवला, पिठल्याला फोडणी घातली, भाकरी थापल्या. आप्पासाहेब जेवायला आत येऊन बसले. तेवढ्यात शाळेतून आलेल्या संस्कृतीने चुलीशेजारचा शहजादीचा बेसनाचा डबा ओळखला. ती आजोबांच्या मांडीवर चढली आणि सहज बोलून गेली, "आबा, हे पिठलं शहजादीमावशीच्या बेसनाचं हाय. आमच्या पेटीला कुलूप हाय. चावी आजीकडं असती."

पंकजाची भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"उंदरं लई झालीत आप्पा," ती म्हणाली. "म्हणून लावलंय."

आप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. उंदरांना कडी पुरते, कुलूप लागत नाही, हे कुणालाही कळतं. राग नव्हता त्या नजरेत. लेकीला आपण कुठं देऊन बसलो, असं काहीतरी होतं. मग त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "व्हय, उंदरं लई वाईट. वाढ बाळा, पिठलं झकास झालंय." ताट पुसून घेतल्यासारखं जेवले. त्यांनी आणलेला गूळ आणि तूप पंकजाने पेटीवरच ठेवलं. आत ठेवायची सोय नव्हती.

ते निघतानाच गोजरबाई परतल्या. आप्पासाहेबांनी हात जोडले. "विहीणबाई, पोटभर जेवलो. लेकीला तुमच्या घरात काई कमी न्हाई."

गोजरबाईंचा चेहरा उतरला. सकाळी किती काढून दिलं होतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पाहुणे गेल्यावर त्या आत आल्या.

"काय रांधलंस?"

"पिठलं-भाकरी."

"बेसन कुठनं आणलंस?"

"शहजादीभाभीकडनं. पीठ आन तेल बी."

"पाव्हण्यांनी कुलूप बघितलं?"

"व्हय. उंदरं झालीत म्हनलं मी."

गोजरबाई पेटीशेजारी मटकन खाली बसल्या. "ज्या दारात मी हुबी राहिले, त्याच दारात सुनंला बी धाडलं मी," त्या पुटपुटल्या. "आन वर तूच माझी अब्रू झाकलीस." पंकजा रडत होती. गोजरबाईंना तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. त्यांनी कमरेची चावी काढली आणि तिच्यापुढे धरली. पंकजानेच मला उघडलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

संध्याकाळी गोजरबाई स्वतः उसनं फेडायला शहजादीकडे गेल्या. परत आल्या त्या शहजादीला घेऊनच. दोन्ही घरांचा किराणा मिळून भरायचा, असं ठरलं. खरी काटकसर तेव्हापासून सुरू झाली. मळ्यातल्या शेंगा आणि शहजादीच्या माहेरची करडई दोघी मिळून घाण्यावर नेऊ लागल्या. तूर भरडून डाळ घरीच होऊ लागली. हंगामात मिरची घेऊन दोघींनी एकत्र कांडली. कुठं वाया जातं ते पंकजाला बरोबर ठाऊक होतं, तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. कुलपाने जेवढं वाचलं त्याहून जास्त आता वाचू लागलं. मी कट्ट्यावरून ते पाहत होतो आणि शरमेने आणखी काळा पडत होतो.

दिवाळीनंतर आप्पासाहेब पुन्हा आले. गोजरबाईंनी त्यांना स्वयंपाकघरातच बसवलं आणि स्वतः वाढलं. वाढता वाढता त्यांचा हात थांबला.

"दादा, घरात उंदरं न्हवती. कुलूप मी लावलं हुतं. तुमच्या लेकीवर."

आप्पासाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "ठाऊक हाय मला. त्या दिवशी मला तुमचा राग आला न्हाई विहीणबाई, माझीच लाज वाटली. आमच्या घरी किराण्याच्या कपाटाला बी कुलूप हाय. सून हाय ना आमच्यात. एवढी वर्सं मला ते कधी दिसलंच न्हाई."

पंकजाने दोघांच्याही ताटात भाकरी वाढली.

मित्रांनो, काटकसर जरूर करा. तेल जपून घाला, दाणा मातीत जाऊ देऊ नका. पण ज्या हातांनी तुम्हाला वाढलं जातं, त्या हातांवर पहारा बसवू नका. त्यांना सोबत घेऊन बसा, विचारा. आणि तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला शेतावर लावा, टेम्पोला लावा, अगदी भंगारात घाला. चिंधीने पुसून, तेल पाजून पुन्हा स्वयंपाकघरात मात्र आणू नका. एवढं माझ्यासाठी करा.