वाळूचं खाचर

आत्या ओट्यावर बसायला वाकली, की तिच्या उजव्या गुडघ्यातून वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज यायचा. हेमंताच्या कोवळ्या उन्हात, पेंढ्याचा उबदार गंध अंगणभर दरवळत असताना, आधी तो आवाज ऐकू येई आणि मग आत्या दिसे. तरुणपणी आमच्या इंदुरी गावच्या मुरमाड मैदानावर कबड्डी खेळताना ती पडली, आणि त्या एका पडण्याने तिचा खेळ कायमचा संपला. ते दुःख तिने कधी उगाळलं नाही. मात्र सोललेलं कोपर घेऊन एखादी मुलगी दारावरून गेली, की आत्याचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्यावर जाई.

म्हणूनच तिने गावाकडे पोरींच्या कबड्डीसाठी वाळूचं मैदान मागितलं. नदीची वाळू उपसून नव्हे. खेळासाठी मुद्दाम तयार केलेली, धुऊन चाळलेली वाळू आणून. देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा भरली, तिचा अर्ज मी, तिच्या भाचीने, वाचला आणि लोक चक्क हसले.

“शेवंता, आपल्या पावसात वाळू ऱ्हाईल व्हय? पार नदीला जाईल,” थोरले आबा म्हणाले.

“भाताचं खाचर ऱ्हातं न्हवं, आबा? तसाच बांध घालू, पान्याला वाट ठिवू. माजंच खाचर घ्या.”

घरासमोरचं ते तिचं एकुलतं खाचर, आम्हा दोघींचा वर्षाचा भात त्यातच पिके. मला विचारलंसुद्धा नव्हतं. मला तिचा रागच आला.

सभा उठली. बाहेर, पायरी आणि काढून ठेवलेल्या चपला यांच्यामध्ये, आत्याने तोवर पोरींकडून दोन पोती वाळू पसरून घेतली होती. अनवाणी पावलांना दुसरी वाट नव्हती. गलका हळूहळू विरला. आबा चपलांपाशी पोचले, घुटमळले, आणि आपल्याकडे कुणी बघत नाही अशा समजुतीने पुन्हा एकदा वाळूतून चालून आले.

“हितं पडलं तर लागायचं न्हाई,” आत्या एवढंच बोलली.

मैदान झालं. बांधाने पावसाळे पेलले, वाळू जागेवर राहिली. आत्या मात्र पहिलाच पावसाळा बघून गेली. माझा राग तिच्याआधीच गेला होता, पण तसं तिला सांगायचं राहून गेलं.

आता संध्याकाळचं तिरपं ऊन खाचरात उतरतं, पोरी सूर मारतात, आपटतात, हसत उठतात. ओट्यावर बसून मी कान देते. काळाने तिच्या गुडघ्याचा तो आवाज नेला. पण मुलगी पडते आणि काहीच ऐकू येत नाही, त्या क्षणभराच्या शांततेत आत्या मला अजून ऐकू येते.