वळणावरचा पाटा

मित्रांनो, नाशकातल्या एका बंद कारखान्याच्या मागच्या अंगणात जो गंजलेला लोखंडी तुकडा पडला आहे, तो मी. शर्यतीच्या मोटारीच्या मागच्या चाकावरचा जुना पाटा. लांब, किंचित वाकलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचून मला बांधले होते. गाडीचे ओझे माझ्या पाठीवर असे आणि रस्त्याचे धक्के मी पोटात घेत असे.

माझा जन्म विलायतेतला, पण तिथल्या भट्टीच्या धगीखेरीज मला काही आठवत नाही. १९३४ साली मोटारीबरोबर बोटीने मुंबईस उतरलो आणि तिथून रंगनाथशेठच्या दारी आलो. शेठचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान होते, पण त्यांचा जीव सगळा मोटारीत. सातपूरकडच्या माळावर काही हौशी मंडळींनी चुना लावलेले दगड मांडून गोल वाट आखली होती. हिवाळ्यात तिथे शर्यती होत. सरळ वाटेवर आमची गाडी सगळ्यांच्या पुढे असे, पण वळण आले की तिचा मागचा भाग बाहेर फेकला जाई. पहिल्या वर्षी शेठ शेवटचे आले.

मग ते गाडी घेऊन निसार मिस्त्रींच्या कारखान्यात, म्हणजे इथेच, आले. गाडी वळणावर कलते म्हणून घसरते, तेव्हा मागचे पाटे आणखी कडक करा, असे शेठचे म्हणणे होते. निसारभाईंनाही ते पटले. त्यांनी माझ्यात एक पट्टी वाढवली. गाडी कलायची थांबली, पण घसरणे उलट वाढले. तेव्हा निसारभाई वळणाच्या कडेला मातीत पालथे पडून राहिले आणि शेठना फेऱ्यांवर फेऱ्या मारायला लावल्या. उठले तेव्हा त्यांची दाढी धुळीने पांढरी झाली होती.

"शेठ, चाकाखालून उजेड दिसतोय," ते म्हणाले. "पाटा कडक, म्हणून चाक उडतंय. जमिनीला धरेल कसं?"

त्यांनी वाढवलेली पट्टी काढली, मूळची एक काढली, उरलेल्या पट्ट्यांमध्ये ग्रीस भरले. दुसऱ्या बाजूच्या माझ्या जोडीदाराचेही तसेच केले. पुढचे पाटे मात्र ताठच ठेवले. थोडा बदल करायचा, माळावर जायचे, पुन्हा थोडा बदल करायचा, असे कित्येक दिवस चालले. निसारभाईंची बायको मेहरुन्निसा जेवणाचा डबा घेऊन येई आणि तो तसाच परत नेई. शेवटी एका सकाळी गाडी वळणावर अशी जमिनीला धरून गेली, की शेठनी उतरून निसारभाईंना मिठीच मारली. पुढच्या हिवाळ्यातल्या पहिल्याच शर्यतीत आम्ही पहिले आलो. लोक वाकून वाकून मला बघून गेले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले कौतुक तेवढेच.

पुढे लग्नसराई आली. घोटीच्या एका लग्नघरी भांडी पोचवायची होती आणि ठरवलेली लॉरी आयत्या वेळी आली नाही. शेठनी मोटारीतच माल भरायचे ठरवले. पाटे एवढे ओझे पेलतील का, असे त्यांनी निसारभाईंना विचारले. निसारभाईंनी खाली वाकून मला हाताने दाबून पाहिले. काढलेल्या पट्ट्या परत बसवायला एक दुपार पुरली असती. पण मग एवढ्या खटपटीने जुळवलेले सगळे बिघडले असते, आणि त्याच हिवाळ्यातली दुसरी शर्यत जवळ आली होती.

"सावकाश गेलं तर नेईल," ते म्हणाले. "मी येतो सोबत."

हंडे, कळशा, परातींच्या चळती मागे कोंबल्या. माझी वाकलेली पाठ पार सपाट झाली. विल्होळीपर्यंत शेठनी गाडी खरोखरच सावकाश नेली. पुढे रस्ता मोकळा लागला, आणि मोकळा रस्ता दिसला की शेठचा पाय ऐकत नसे. निसारभाईंनी एकदा सांगितले, पुन्हा सांगितले. वाडीवऱ्ह्याच्या अलीकडे, मोरीजवळच्या वळणावर शेठनी वेग तसाच ठेवला. सगळा माल एका अंगाला सरकला आणि माझ्या अंगावर आला. माझी मुख्य पट्टी मधोमध तुटली. गाडी उलटली. शेठ बाहेर फेकले गेले, निसारभाई गाडीखाली सापडले. हंडे शेतात घरंगळत होते, त्यांचा आवाज थांबायच्या आत निसारभाईंचा श्वास थांबला.

पोलिसांनी विचारले तेव्हा शेठ एवढेच म्हणाले, की पाटा तुटला. त्यात खोटे काहीच नव्हते. पण पेठेत त्याचा अर्थ वेगळा झाला. मिस्त्रीने पट्ट्या काढल्या, स्वतःच्या करणीने मेला, असे लोक बोलू लागले. कारखान्यात येणाऱ्या गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. निसारभाईंच्या धाकट्या भावाने, रहेमानने, काही दिवस भट्टी पेटती ठेवली आणि मग विझवली.

मोडकी गाडी अंगणात आणून टाकली होती. अपघातात मोडलेल्या हाताचे हाड सांधल्यावर शेठ एक दिवस तिथे येऊन उभे राहिले. मेहरुन्निसा दारात आली.

"वळणावर गाडी किती जोरात होती, शेठ?"

"शर्यतीत असते तेवढी."

"त्यांनी अडवलं नाही?"

"दोनदा सांगितलं, भाभी. मी ऐकलं नाही."

"मग हे मला एकटीला सांगून काय उपयोग? पेठेत सांगा."

शेठनी सांगितले. पोलिसांकडे जाऊन सांगितले, दुकानासमोर उभे राहूनही सांगितले. कुणी मानले, कुणी शेठचा चांगुलपणा म्हणून हसून सोडून दिले. गेलेल्या गाड्या मात्र परत आल्या नाहीत. कारखान्याला कुलूप लागले आणि मेहरुन्निसा मुलांना घेऊन इगतपुरीला माहेरी गेली. शेठनी पुन्हा मोटार चालवली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, टांगा असेल, विहिरीचा रहाट असेल. ज्या कामासाठी त्याला जुळवले आहे, तेच काम त्याच्याकडून घ्या. दुसरे घ्यायचे असेल, तर आधी एक दुपार त्याला द्या. आणि इतके करूनही काही मोडलेच, तर हात कुणाचा होता ते त्याच दिवशी सांगा. रंगनाथशेठ खरे बोलले, पण उशिरा बोलले. तेवढ्या उशिरात नाशकातून एक घर उठले.