मी दाखवलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. परळच्या एका इस्पितळात, हृदयरोग विभागाच्या सामानखोलीत, मोडक्या सलाइन स्टँडच्या शेजारी राहतो. कधी कोणी आत डोकावले तर मला जुना रेडिओ समजते. समजो बापडे!

माझे काम सोपे होते. आपल्या रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. जखम झाली की ते एकमेकांना चिकटतात आणि रक्त थांबते. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची छोटी नळी बसवलेली असेल, तर हेच चिकटणे जिवावर बेतते. म्हणून रोग्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात. ती लागू पडते आहे का, हे मी खाटेशेजारीच थोड्याशा रक्तावरून आकड्यात सांगत असे; आकडा मोठा, म्हणजे गोळी लागू पडत नाही. सुरुवातीला सगळे माझ्याभोवती जमत. नव्याची नवलाई, दुसरे काय!

एकदा लालबागचे राजाराम आले. महिन्यापूर्वीच स्टेंट बसलेला आणि छातीत पुन्हा कळ. मी रक्त तपासले, तर आकडा फार वर गेला. गोळी जणू पोटात गेलीच नव्हती. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीव जाईल, म्हणून डॉक्टर विनीत रागावले. गोळ्या चुकवता आणि वर लपवता, असे म्हणाले. राजाराम नाही नाही म्हणत राहिले. त्यांच्या पत्नी कांताबाई रोज स्वतःच्या हाताने गोळी देत, तरी त्यांनाही शंका आली.

"तोंडात धरून मागनं थुकता काय?" त्यांनी हळूच विचारले.

राजारामांनी भिंतीकडे तोंड फिरवले. मला फार वाईट वाटले. माझा आकडा खरा होता आणि माणूसही खोटा दिसत नव्हता. पण मला फक्त आकडा सांगता येतो. तो का वाढला, ते नाही सांगता येत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले, तेव्हा कांताबाईंनी न राहवून घरची औषधांची पिशवी खाटेवर उपडी केली. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांत ॲसिडिटीच्या कॅप्सूलचेही पाकीट होते. डॉक्टरांनी ते उचलून विचारले, हे कोणी दिले?

"मेडिकलवाल्याकडनं आणलं. गोळी पोटाला लागू नये म्हणून मीच देते आधी," कांताबाई म्हणाल्या. "ते काय औषध हाय होय?"

डॉक्टर खाटेच्या कडेला बसले. त्या प्रकारची कॅप्सूल गोळीचे काम अडवते, हे त्यांनी समजावले आणि राजारामांची माफी मागितली. कांताबाई कितीतरी वेळ डोळे पुसत होत्या. कॅप्सूल बदलली. काही दिवसांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा उतरला होता.

घरी जाताना राजाराम माझ्या ट्रॉलीपाशी थांबले. माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू खोटं नव्हता बोलला रे. मी पण नव्हतो बोललो."

पुढे बहुतेक सगळ्यांना लागू पडणारी जास्त जोरकस औषधे आली, तशी माझी गरज कमी झाली. एकदा काढलेला प्लग पुन्हा कोणी लावला नाही. त्यानंतर माझ्याशी कोणी बोललेही नाही. इथे फार एकटे वाटते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. पण घरात कोणी औषध घेत असेल, तर पिशवीतले सगळे डॉक्टरांना दाखवा, चूर्ण आणि काढासुद्धा. आणि तपासणीत काही भलतेच आले, तर आजारी माणसाला लगेच खोटे ठरवू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा. मला ते कधीच जमले नाही.