टाकीतलं तीर्थ

"कुठलं भरू, वांगेलकाका? नेहमीचं महागातलं?" पंपावरच्या स्पासनं नळी उचलत विचारलं.

वांगेल तोंड उघडायच्या आत मागं ट्रॅक्टर लावून उभा असलेला गांचो खो खो हसला. "भर, भर! त्या रशियन फटफटीच्या डबड्याला मंत्र्याच्या गाडीतलं पेट्रोल भर. स्वतः घरी शेंगांचं सार पितोय आणि हिला रोज कोकराचं मटण!"

रांगेतले सगळे हसले. स्पास जरा ओशाळला. "काका, खरं सांगू? स्वस्तातलंही काही वाईट नाही. थोडं स्पिरिट मिसळतात त्यात, एवढंच. सगळं गाव तेच भरतंय."

"स्पिरिट म्हटल्यावर आधी काकानंच तोंड लावायला पाहिजे!" गांचोनं टोला हाणला.

वांगेलकडं उत्तर होतं, पण चारचौघांत देण्यासारखं नव्हतं.

त्याची बायको नेदेल्का दर जानेवारीत, ज्या दिवशी धर्मगुरू गोठलेल्या नदीत क्रूस टाकतात आणि तरणी पोरं तो काढायला उड्या घेतात त्या दिवशी, चर्चमधून तीर्थाची बाटली आणायची. घोटभर स्वतः घ्यायची, घोटभर नवऱ्याला पाजायची, कोंबड्यांवर शिंपडायची आणि उरलेलं सगळं गुपचूप मोटरसायकलच्या टाकीत ओतून द्यायची. घाटाचा रस्ता, वर बर्फ, आणि नवरा कुणाचं न ऐकणारा. देवानंच सांभाळायला हवं ना!

वांगेलला हे लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं. लाकडाच्या गिरणीत यंत्रांशी झटण्यात जन्म गेलेला माणूस. पाण्यानं इंजिनाचा जीव जातो हे त्याला काय सांगायला हवं? पण तो कधी एका शब्दानं बोलला नाही. निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, खाली बसतं. दुसऱ्या दिवशी पहाटे, नेदेल्काची नजर चुकवून, तो टाकीखालची गाळ-पाणी साठायची काचेची वाटी सोडवायचा, पाणी उतरू द्यायचा आणि ते प्लमच्या झाडाच्या मुळाशी ओतायचा. तीर्थ पायदळी जायला नको. त्या झाडाला कधी धड फळ धरलं नाही. "मेली कुणाची दृष्ट लागलीय," नेदेल्का म्हणायची, आणि वांगेल मिशीतल्या मिशीत हसायचा. पुढं स्पिरिटचं पेट्रोल आलं. ते पाणी पोटात घेतं, खाली बसू देत नाही, असं कळल्यापासून तो महागातलंच भरायला लागला. बायकोच्या तीर्थापायी.

आता हे गांचोसमोर कसं सांगायचं?

"भर रे तेच," तो म्हणाला, "सगळे भरतात ते." आणि मान खाली घातली.

त्या क्रूसाच्या सणाच्या दिवशी नेदेल्का मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसून खालच्या गावच्या चर्चला गेली. तिचं हृदय थकलं होतं, पायऱ्यांवर दोनदा टेकावं लागलं. पण तिथले फादर सावा प्रवचन सांगत नसत, ते गात. त्यांचा आवाज लागला की म्हातारी सगळं दुखणं विसरायची. घरी येऊन पीठ मळताना ती तेच गुणगुणत राहिली.

"म्हाताऱ्या, ऐक," ती म्हणाली. "माझी वेळ येईल ना, तेव्हा सावा फादरांच्या हातून प्रसाद मिळाला आणि त्यांनी उशाशी बसून गायलं, की मला दुसरं काही नको."

"आत्ता कुठं निघालीस? तुझ्या कोंबड्या मला चोची मारून मारतील."

"मारू देत. त्यांना बरी अक्कल आहे."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं वाटी सोडवली. पाण्याचा थेंब नव्हता. स्पिरिटचं त्याच्या मनातही आलं नाही. आलं ते वेगळंच. यंदा हिला मोटरसायकलीच्या गोठ्यापर्यंतसुद्धा चालवलं नाही!

त्याच आठवड्यात थंडी कडक पडली आणि नेदेल्का अंथरुणाला खिळली. सकाळी डॉक्टर येऊन गेला, आता हलवू नका म्हणाला. मग बर्फ सुरू झालं. तिनं डोळ्यांनीच विचारलं आणि वांगेलनं फोन लावला.

"माझी गाडी या बर्फात चढायची नाही," फादर सावा म्हणाले. "तू साइडकार घेऊन ये. मी दारात उभा राहतो."

शेजारच्या रायनाला तिच्याजवळ बसवून तो निघाला. उतार बरा गेला. फादर प्रसादाची डबी छातीशी धरून साइडकारमध्ये बसले. येताना घाटाच्या मध्यावर इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि थंड झालं.

वांगेलनं वाटी सोडवली. आत दुधाळ, गढूळ पाणी गच्च भरलं होतं. त्यानं ओतलं, पुन्हा लावली, पुन्हा तेच. पेट्रोलनं पोटात घेतलेलं तीर्थ थंडीनं आता बाहेर टाकलं होतं.

विसरली नव्हती ती.

"काय झालं रे?" फादरांनी विचारलं.

"पाणी," एवढंच तो म्हणाला.

दोघं चालत निघाले, गुडघाभर बर्फातून. फादर म्हातारे, दर वळणावर थांबत. वांगेलनं शेवटी त्यांना अक्षरशः ओढत आणलं. घरात पाऊल टाकलं तर रायनानं आरशावर चादर टाकलेली, घरातलं माणूस गेल्यावर टाकतात तशी.

फादर सावांनी डबी न उघडता खिशात ठेवली. मग उशाशी बसून ते गायले. आवाज छान लागला होता. वांगेल दारातच उभा राहिला.

मातीला सगळं गाव आलं. नेदेल्कानं शेवटी रायनाजवळ तीर्थाचं गुपित सांगितलं होतं आणि रायनानं ते गावभर केलं होतं. बायका त्याला म्हणाल्या, "तिनं टाकीत तीर्थ ओतलं होतं म्हणून वाचलास हो! नाहीतर त्या बर्फात दरीतच गेला असतास." गांचो टोपी हातात घेऊन पुढं आला. "पुण्यवान बाई, काका," तो म्हणाला. त्याचे डोळे खरोखर भरले होते. वांगेलनं मान डोलावली.

पुढच्या जानेवारीत चर्चच्या रांगेत तो बाटली घेऊन उभा होता. त्याआधी पंपावर जाऊन कुणी विचारायच्या आत "महागातलं" म्हणाला होता, जरा मोठ्यानंच. तेव्हा कुणी हसलं नाही. घरी येऊन त्यानं घोटभर घेतलं, कोंबड्यांवर शिंपडलं, उरलेलं टाकीत ओतलं.

पहाटे वाटी सोडवली. पाणी खाली बसलं होतं, नितळ. ती हातात धरून तो प्लमच्या झाडाशी गेला आणि ओतण्याआधी त्यानं सवयीनं वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडं पाहिलं, कुणी बघत तर नाही ना.