प्रेमानं, ओरेस्तेसकडून

"एवेलिओकाका, तुमच्या डिस्कमध्ये व्हायरसची कीड नाही कशावरून?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मायदेलिसनं बाबांच्या दुकानात सगळ्यांसमोर विचारलं. दारातल्या दोघी तोंड दाबून खिदळल्या. एवेलिओ दर सोमवारी हवानाहून मालिका आणि प्रोग्राम भरलेली डिस्क आणायचा. तिचे बाबा, ओरेस्तेस, त्यातून कामाग्वे शहरातल्या अर्ध्या वस्तीला कॉप्या करून द्यायचे. पण हल्ली वस्तीतले कॉम्प्युटर भराभर बिघडत होते आणि गिऱ्हाईक मान वळवून पुढे जात होतं. असंच चाललं तर दुकानाला कुलूपच.

"पोरी, तुझ्या बाप्तिस्म्याला नाचलोय मी," एवेलिओ म्हणाला.

"मग तपासू दे की!"

"तपास!" डिस्क टेबलावर आपटून तो कॉफी न घेताच निघून गेला.

"काय ही जीभ!" बाबा कडाडले.

मायदेलिसला बसवेना, उठवेना. शाळेच्या क्लबात ती शिकली होती: प्रत्येक फाईलचा एक ठसा निघतो, अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. आत एक टिंब बदललं की अख्खी माळ बदलते. प्रोग्राम बनवणाऱ्यांनी जाहीर केलेले ठसे तिनं क्लबातून आणले होते. वीज कधीही जाईल, म्हणून पाय हलवत तिनं डिस्कवरच्या प्रोग्रामांचे ठसे घाईघाईनं त्यांच्याशी ताडून पाहिले. जुळला. हाही जुळला. एवेलिओचे सगळेच जुळले! तिची चिडचिड झाली. मग तेच प्रोग्राम तिनं बाबांच्या कॉम्प्युटरवर तपासले.

एकही जुळेना.

"बाबा, तुम्ही यांत काही घातलंत?"

"आपलं नाव, दुसरं काय! प्रोग्राम चढवताना पहिल्याच खिडकीत येतं: 'प्रेमानं, ओरेस्तेसकडून'. सगळे कॉपीवाले घालतात."

"कुठल्या मशीनवर?"

"त्या जुन्या..." बाबा थांबले. जुनं मशीन महिनाभर आपोआप बंद पडत होतं. नावाबरोबर त्याची कीडही घरोघरी गेली होती. ते हळूच स्टुलावर टेकले.

"लोक त्यांना रस्त्यात 'अहो प्रेमानं' म्हणून हाक मारतात गं," आतून आलेली आई, नेरेइदा, हलक्या आवाजात म्हणाली. "तेवढ्यावर खूश असतात ते."

पण मायदेलिस उभी राहिली.

"दोघंही ऐका. मी आत्ता एवेलिओकाकांकडे जातेय, चारचौघांत माफी मागायला. आणि उद्यापासून ठसा जुळल्याशिवाय इथून एक फाईल बाहेर जाणार नाही. जशी आली तशीच जाईल."

"आणि नाव?" बाबांनी खाली बघतच विचारलं.

"नाव दारावर येईल, बाबा. हे एवढ्या मोठ्या अक्षरात. मीच रंगवणार."