शास्त्रीबुवांचा नकार

आमच्या बाळची मुंज झाली ते शके १७३०. त्याच मांडवातून सदाशिव पेठेतल्या यज्ञेश्वरशास्त्र्यांनी आपल्या श्रीधरसाठी माझ्या वेणूची पत्रिका मागून नेली. पत्रिका परत आली की नकार समजायचा, ही रीत. आणि ती परत येईपर्यंत मुलगी दुसरीकडे दाखवायची नाही, हीही रीत.

वर्ष गेलं. विचारलं की शास्त्रीबुवा म्हणत, "बघू." श्रीधरला याहून तालेवार सासरा मिळतो का, ते बघत होते, साऱ्या पेठेला ठाऊक होतं. इकडे वाघोलीचं एक चांगलं घर वेणूला मागत होतं, पण ते वैशाखापलीकडे थांबणार नव्हतं.

शास्त्रीबुवांना तेव्हा निराळाच नाद लागला होता. संगमावरच्या बंगल्यातला एक म्हातारा गोरा साहेब नकार देताना 'ने' म्हणे. हा शब्द आला कुठून, यावर बुवांनी ओसरीवर सभा भरवली. मीही जाऊन बसलो.

"आपल्या 'न'चाच तो नातू," बुवा म्हणाले. "गलबतात बसून गेला, झालं."

साहेबाचे मुनशी कादरमियाँ हसले. "बुवा, साहेब सांगतात, हे मुळात दोन शब्द. एक 'ना' आणि दुसरा 'कधीही'. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी त्यांच्या बेटावर आणले. आता तिथेही जुनाट झालेत. तरुण साहेब हसतात."

"म्हणजे 'कधीच नाही'! वा! किती स्वच्छ शब्द!" बुवांनी मान डोलावली.

मी उठलो. "बुवा, तो एकदा उच्चारा आणि माझी पत्रिका द्या."

बुवांनी उपरणं सावरलं.

"आप्पा, तुम्ही अक्षरं चाळिशीत गिरवलीत. व्युत्पत्ती वेगळी, व्यवहार वेगळा."

"मग व्यवहाराचंच सांगा. हो की नाही?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी वाघोली गाठून मी खरं ते सांगून टाकलं. व्याही म्हणाले, "पत्रिका राहू द्या शास्त्र्यांकडे. मुलगी आम्हाला द्या."

वैशाखात लग्न झालं. शास्त्रीबुवा जेवायला आले, जिलबी पुन्हा मागून घेतली, पत्रिकेचं नाव काढलं नाही.

श्रीधरनं ती आणून दिली तेव्हा वेणूच्या मांडीवर दुसरं मूल होतं. "वडिलांनी परत करायला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला, "पण आता विचारू कुणाला?"

यज्ञेश्वरशास्त्री शके १७३५च्या मार्गशीर्षात, वद्य पंचमीला वारले.