परात आणि झोळी

कोळशाची मालगाडी जवळ आली की शिवांजली फरशीवरच्या गोधडीत दचकून डोळे उघडायची. परळीत रुळालगतच घर, त्यामुळे हा पुरावा दिवसातून अनेकदा हजर व्हायचा.

"बघ! एवढी गाडी ऐकू येती, अन् म्हणं पोरगी बहिरी," सासूबाई, बसम्मा, सुनेला, प्रणिताला, सुनावायच्या. तरी कुणी शंका काढलीच, तर पितळी परात फरशीवर दाणकन आपटायच्या. नात दचकायची. खटला संपला.

प्रणिताला मात्र एक गोष्ट खुपत होती. गाडीचा आवाज तिच्या स्वतःच्या कानी यायच्या आधीच पोर जागी व्हायची. एकदा तिने फरशीवर तळहात टेकला, तर फरशी केव्हाचीच थरथरत होती.

लसीकरणाला आलेल्या आशाताई म्हणाल्या होत्या, "वर्षाच्या आत कान तपासा. लवकर कानाचं मशीन लागलं तर बोलणं येतं." शिवांजलीला दहावा महिना लागला होता. प्रणिताने उद्या अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जायचं ठरवलं, पण नवरा, वीरेश, दुकानात निघताना म्हणाला, "आई म्हणल तसं." आणि आई म्हणत होती, "पोरीच्या जातीला बहिरी नाव पडलं की पुसत न्हाई."

म्हणून आज प्रणिताने जुन्या लुगड्याची झोळी टांगली. शिवांजली त्यात पायाचा अंगठा धरून खेळत होती.

"आत्या, परात आज हातात धरून वाजवा. फरशीला लावायची न्हाई."

"कावून? हातात धरली की मुकी होती का परात?"

"एकदा वाजवा तर."

बसम्मा नातीच्या डोक्यामागे उभ्या राहिल्या आणि लाटण्याने परात हाणली. शिवांजलीने झटकन वर पाहिलं.

"झालं समाधान?"

प्रणिताचा जीव क्षणभर भांड्यात पडला. मग तिच्या लक्षात आलं, आवाजाने आपणच दचकलो. पोर परातीकडे वळलीच नव्हती, ती आईचा चेहरा बघत होती.

"मी तोंड फिरवते. आता तुमीच बघा."

ती भिंतीकडे वळली. मागे परातीवर लाटणं पडलं. खण्ण! मग काहीच नाही.

"बघतीय का?"

दुसरा ठोका. तिसरा एवढ्या जोरात, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. प्रणिताने नखं तळव्यात रुतवली. 'आत्या, बोला. ओरडा, पण बोला.' परात आणखी एकदा घणघणली आणि अर्ध्यातच गप्प झाली. कुणीतरी तिच्यावर हात दाबून धरला होता.

मग हळू गुणगुणणं आलं. प्रणिता वळली. बसम्मांनी नातीला छातीशी घट्ट धरलं होतं आणि त्या रोजची ओवी म्हणत होत्या. शिवांजली त्यांच्या छातीला गाल लावून हसत होती.

"एवढी परात बडवली, तरी पायाचा अंगठासुद्धा सोडला न्हाई गं हिनं," बसम्मा म्हणाल्या. "मंग हे तरी पोचतंय का? का हेबी माझंच येडेपण?"

"पोचतंय, आत्या. छाती थरथरती ना, ते कळतं तिला."

बसम्मांनी पदराने नाक पुसलं.

"वीरेशला सांग, उद्या दुकान बंद. अन् परात पिशवीत टाक. त्या डॉक्टरांचं मशीन धड हाय का न्हाई, आधी मी बघणार."